माळावरला गार वारा

वाऱ्याला स्वतंत्र नांव मिळतें तें बहुधा त्यानें माणसाचें कांहीं तरी बिघडविल्यावर. दक्षिण अमेरिकेंत आर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत गवताचीं अफाट मैदानें आहेत; त्यांना 'पाम्पा' म्हणतात. दक्षिणेकडील थंड हवेची लाट या मैदानांवर शिरली म्हणजे तिला वाटेंत अडवील असें झाड नाहीं कीं डोंगर नाहीं. नैर्ऋत्येकडून ती एकाएकीं येऊन आदळते. क्षितिजावर ढगांची काळी वळकटी दिसते, धूळ उडते, पावसाची एखादी जोरकस सर येऊन जाते, आणि घटकेपूर्वीं उकाड्यानें हैराण झालेला माणूस अंगाभोंवतीं पांघरूण ओढूं लागतो. हा 'पाम्पेरो'. ला प्लाता नदीच्या विशाल मुखांत शिडाचीं जहाजें वावरत होतीं त्या काळीं खलाशांना त्याचा मोठा धाक असे. रशियाच्या व मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतला 'बुरान' तर याहूनही क्रूर. तो हिमाचा भुगा उडवीत येतो आणि वाट, दिशा, गाडी, घोडा सर्व कांहीं पुसून टाकतो. पुश्किनच्या १८३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कप्तानाची मुलगी' या कादंबरीचा नायक आरंभींच अशा बुरानांत सांपडतो, आणि तेथूनच त्याच्या नशिबाचा धागा गुंतत जातो. टेक्सासच्या माळावर उतरणाऱ्या थंड वाऱ्याला तेथील लोक नुसतें 'नॉर्दर', म्हणजे उत्तरेकडचा, असें म्हणतात. पण तेंही अखेर नांवच.

महाराष्ट्राच्या माळरानावरून हिंवाळ्यांत जो वारा वाहतो, त्याच्या वांट्याला असें नांव आलेलें नाहीं. मराठींत वाऱ्यासाठीं शब्दांची वाण आहे असें मुळींच नव्हे. झुळूक आहे, सोसाटा आहे, वावटळ आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर रात्रीं जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे आणि दिवसां समुद्राकडून येतात ते खारे वारे, हा भेद तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु पौष-माघांत उत्तरेकडून येऊन सगळा मुलूख गारठवून जाणाऱ्या या वाऱ्याविषयीं 'गार वारा सुटला' यापलीकडे कोणी कांहीं म्हणत नाहीं. तो जहाजें बुडवीत नाहीं, माणसें बर्फांत गाडीत नाहीं, म्हणूनच कदाचित् असें झालें असेल. त्याचें कर्तृत्व मात्र लहान नाहीं. तो कोठून निघतो, कोणत्या गवतावरून येतो, आणि अखेर ठाणे जिल्ह्यांतील पाली नांवाच्या एका मच्छीमार गांवाच्या संसाराशीं त्याचा संबंध कसा पोंचतो, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक लोकप्रिय समजूत दूर केली पाहिजे. मुंबईंत दोन दिवस स्वेटर कपाटांतून बाहेर निघाले कीं, सैबेरियाचा वारा आला, असें मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. सैबेरियाच्या हवेला हिंदुस्थानांत सरळ उतरतां येत नाहीं. मध्यें हिमालयाची भिंत उभी आहे, आणि ती एवढी उंच आहे कीं तिच्या उत्तरेची जड, गोठलेली हवा तिच्यावरून सांडत नाहीं. ती भिंत नसती तर गंगेच्या खोऱ्यांतही बुरान घोंघावला असता. आपल्याकडची थंडी येते ती वायव्येच्या दरवाजानें. हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें कमी वायुभाराचे आवर्त एकामागून एक निघतात आणि इराण, अफगाणिस्तान ओलांडून पंजाब-काश्मीरपर्यंत येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. विक्षोभ आला कीं काश्मिरांत बर्फ पडतें, पंजाबांत गव्हाला पाऊस मिळतो, आणि गंमत अशी कीं त्या दिवसांत महाराष्ट्रांत थंडी वाढण्याऐवजीं कमी होते. कारण विक्षोभाच्या पुढच्या अंगाला वारा दक्षिणेकडून ओढला जातो. विक्षोभ पूर्वेकडे सरकून गेला म्हणजे त्याच्या पाठीमागून वायव्येची कोरडी, थंड हवा मोकळी सुटते. राजस्थान, गुजरात, खानदेश असा तिचा प्रवास होतो. थंडी एकसारखी न राहतां लाटालाटांनीं कां येते, चार दिवस दांत वाजवून मग चार दिवस विसावा कां देते, याचें उत्तर या येरझारींत आहे.

या प्रवासांत तिला गवत पुष्कळ भेटतें. कच्छांतील बन्नीचा प्रदेश हा आशियांतील मोठ्या गवताळ प्रदेशांपैकीं एक गणला जातो. त्याच्या दक्षिणेस काठेवाडच्या राखीव गवती वीडी आहेत, भावनगरजवळ वेळावदरचें काळविटांचें राष्ट्रीय उद्यान आहे. वेळावदरला हिंवाळ्यांत दिवस मावळतांना भोवत्या जातीचे शिकारी पक्षी शेंकड्यांनीं उतरतात आणि उघड्या गवतांत जमिनीवरच रात्र काढतात. त्यांतले पुष्कळसे पक्षी कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत अंडीं घालून इकडे आलेले असतात. म्हणजे तिकडचा वारा हिमालयापलीकडे अडकून राहिला, तरी त्या वाऱ्यांत वाढलेलीं पांखरें मात्र वाट काढून येतात. हेच भोवत्ये पुढें नगर-सोलापूरच्या माळांवरही गवताच्या शेंड्यांवरून संथपणें घिरट्या घालतांना दिसतात. माळांवर गवताची नवलाई पावसाबरोबर सरलेली असते. कुसळी, पवन्या, मारवेल हीं गवतें मार्गशीर्षापर्यंत वाळून पिंवळीं पडतात, आणि वाऱ्याला त्यांच्यावरून धांवतांना कसलाच अटकाव उरत नाहीं.

माळावरली थंडी सगळीच बाहेरून आलेली नसते. कांहीं तेथेंच तयार होते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वर पांघरूण घालावयाला ढग नाहींत, अशा रात्रीं जमीन दिवसभर सांठविलेली ऊब आकाशाकडे फेंकून देते आणि पहांटेपर्यंत हवेहूनही गार होऊन बसते. वारा वाहत असेपर्यंत वरची आणि खालची हवा ढवळली जाते, त्यामुळें गारठा अंगाला झोंबला तरी जमिनीलगतचें उष्णतामान फार उतरत नाहीं. वारा पडला कीं खरी कमाल होते. नाशिक जिल्ह्यांतील निफाडचे द्राक्षबागाईतदार हें पुरतें जाणून असतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्याही खालीं गेला होता. अशा पहांटे बागेंत शेकोट्या पेटवून धूर करतात, वेलींच्या मुळांशीं पाणी सोडतात. कारण फुगत आलेल्या मण्यांना तडे गेले तर वर्षाचा माल मातीमोल होतो. शेजारच्याच शेतांतला गहू आणि हरभरा मात्र त्याच थंडीनें जोम धरतात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकच वारा शिव्याही खातो आणि दुवाही घेतो.

या ऋतूंत घाट उतरून खालीं जाणारा वारा एकटाच नसतो. फलटणच्या बाजूचे मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यांवर लादून आणि मेंढ्यांचे कळप पुढें घालून कोंकणांत उतरतात. भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरें बसवून शेतकऱ्याला खत द्यावयाचें, त्याच्याकडून धान्य घ्यावयाचें, आणि पावसाळा तोंडावर आला कीं पुन्हां वरच्या माळावर परतावयाचें, असा त्यांचा पिढ्यांचा परिपाठ आहे. माळावर उघड्यावर निजणाऱ्याला घोंगडी हेंच घर. रायगड जिल्ह्यांतल्या खाचरांत उतरल्यावर तीच घोंगडी पहांटेपुरती पुरते. उन्हें चढलीं कीं ती बाजूला सारावी लागते. घाटावरची थंडी घाटाखालीं जातांना कोठें हरवते, हा प्रश्न त्याला पडत असेल तर तो अगदीं शास्त्रीय प्रश्न आहे, आणि पालीची सारी गोष्ट त्याच्या उत्तरावर उभी आहे.

नाशिक-इगतपुरीचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच आहे. तेथील हवा सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं उतरूं लागली म्हणजे तिच्यावरचा दाब वाढत जातो, ती आक्रसते आणि आक्रसतांना तापते. कोरडी हवा हजार मीटर खालीं आली तर जवळजवळ दहा अंशांनीं तापते. म्हणजे सहाशें मीटरांत सहा अंश गेले. शिवाय समुद्र जवळ. समुद्राचें पाणी जमिनीसारखें एका रात्रींत निवत नाहीं. म्हणून निफाडला पाणी गोठायला आलें असतां मुंबईला नुसतें आल्हाददायक वाटतें. मुंबईंत सांताक्रूझच्या वेधशाळेनें नोंदलेला नीचांक ७.४ अंश आहे, आणि तो जानेवारी १९६२ मधला. तिन्ही बाजूंनीं समुद्र असलेल्या कुलाब्याला पारा इतका उतरत नाहीं.

पण हवा तापली म्हणून तिच्यांतलें पाणी वाढत नाहीं. येथेंच मौज आहे. दहा अंशांच्या हवेच्या एका घनमीटरांत फार तर नऊ-साडेनऊ ग्रॅम वाफ मावते. त्याहून अधिक झाली तर तिचें दंव होऊन गवतावर पडतें. माळावरली पहांटेची हवा अगदीं भरून गेलेली धरली, तरी तिच्यापाशीं एवढेंच पाणी असतें. तीच हवा किनाऱ्याशीं येऊन दुपारपर्यंत अठ्ठावीस अंशांपर्यंत तापली म्हणजे तिच्यांत सुमारें सत्तावीस ग्रॅम मावूं शकतात. जवळ आहेत नऊ, मावतील सत्तावीस. उरलेल्या अठरा ग्रॅमांची तहान घेऊन ती किनाऱ्यावर येते. वाटेंत तिची थंडी ओसरते ती तहान होऊन उरते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दाराचीं लाकडें करकरतात, धुणें तासाभरांत वाळतें, हीं सर्व या तहानेचींच लक्षणें होत. शहरांतल्या घरांत तिच्यावर तेलाची बाटली आणि मलमाची डबी हा उतारा असतो. पालीला तिच्या जिवावर चूल पेटते.

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिम टोंकाला, वसईच्या खाडीच्या मुखापासून दक्षिणेकडे, उत्तन, चौक, पाली, डोंगरी अशीं गांवें समुद्र धरून वसलीं आहेत. चौकच्या उंचवट्यावर धारावीचा किल्ला होता. वसईच्या मोहिमेंत १७३९ सालीं तो मराठ्यांनीं घेतला. २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, २०११ च्या खानेसुमारींत तिची वस्ती आठ लाखांच्या वर गेली. परंतु आगगाडीच्या स्टेशनाभोंवतालचें तें उंच इमारतींचें शहर आणि हा किनारा यांच्यांत काळाचेंच अंतर आहे असें वाटतें. पालीची वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची. पोर्तुगीज अमदानींत त्यांच्या पूर्वजांनीं धर्म बदलला, धंदा बदलला नाहीं, आणि भाषा मराठीच राहिली.

येथील मुख्य मासेमारी डोलीची. डोल म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचें लांबच लांब पिशवीसारखें जाळें. समुद्रतळाशीं रोंवलेल्या खुंटांना तें बांधून ठेवतात, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याचा ओढ त्याच्या तोंडांत मासळी आणून सोडतो. येथें जाळें माशामागें धांवत नाहीं; मासा पाण्याबरोबर जाळ्यांत येतो. अर्थात् पाण्याला जोर असेल तेव्हां मासळी अधिक. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां जाळीं जड होऊन येतात; मधल्या अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतें, त्याला कोळी भांग म्हणतात, आणि तेव्हां हात जरा रिकामे राहतात. डोलींत करंदी येते, जवळा येतो, मांदेली येते. पण या किनाऱ्याचा राजा म्हणजे बोंबील.

बोंबील हा विलक्षण पाणीदार मासा आहे. या विशेषणाचा येथें शब्दशः अर्थ घ्यावयाचा. त्याच्या शंभर भागांत पंचाऐंशीं ते नव्वद भाग पाणीच असतें. हातांत धरला तर ओघळेल कीं काय असें वाटतें. असा मासा टिकावा कसा? बाहेर काढल्यावर कांहीं तासांतच तो मऊ पडूं लागतो. बर्फांत घालून मुंबईच्या बाजारांत जाईल तेवढा ओला जातो. परंतु उधाणाच्या दिवसांत सगळ्याच गांवांच्या होड्या एकदम भरून आल्या म्हणजे ओल्या मालाचा भाव कोसळतो आणि बर्फाचा खर्चसुद्धां अंगावर येतो. उरलेल्याचें एकच करतां येतें, तें म्हणजे त्यांतलें पाणी काढून टाकणें. सहा-सात किलो ओला बोंबील वाळला म्हणजे जेमतेम किलोभर सुका हातीं लागतो. बाकीचें पाच-सहा किलो पाणी कोणी तरी वाहून न्यावें लागतें, आणि तें नेणारा गडी म्हणजे हा माळावरून आलेला वारा.

त्यासाठीं समुद्राकांठीं वलांड्या उभारलेल्या असतात. बांबूंचे उंच खांब, त्यांच्यामध्यें एकावर एक ताणलेले दोर, असें हें मांडव म्हणावें तर छप्पर नसलेलें आणि कुंपण म्हणावें तर आरपार दिसणारें बांधकाम. बोंबलाच्या जबड्यांत अणकुचीदार दांतांची रांग असते. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवितात आणि ती जोडी दोरावर टाकतात. शेपट्या दोन्हीकडे खालीं लोंबतात. ना खिळा, ना सुतळी, ना मिठाचा कण. निसर्गानें माशाला शिकारीसाठीं दिलेले दांत माणसानें त्याला टांगण्यासाठीं वापरले, यांत थोडा क्रूर विनोद आहे खरा. हें काम बायकांचें. समुद्रावर जाणें पुरुषांकडे, आणि मासळी काठावर आल्यापासून तिचें पैशांत रूपांतर होईपर्यंतचें सगळें बायकांकडे, अशी कोळ्यांच्या घरांतली वांटणी आहे. पहांटे माल आला कीं निवडणें, धुणें, जोड्या लावणें, दोर भरणें. बघतां बघतां किनाऱ्यावर रुपेरी-गुलाबी पडदे टांगल्यासारखें दिसूं लागतें. हात इतक्या चपळाईनें चालतात कीं पाहणाऱ्याला जोडी लागलेली कळते, लागतांना दिसत नाहीं. बारीक जवळा दोरावर टांगतां येत नाहीं. तो जमिनीवर पसरावा लागतो आणि पुन्हां पुन्हां परतावा लागतो.

वाळवणाला ऊन हवें, असें सर्वसाधारण मत आहे. बोंबलाच्या बाबतींत तें अर्धेंच खरें. नुसत्या कडक उन्हांत वरची कातडी चटकन् आंवळते, तिचें कवच बनतें, आणि आंतलें पाणी आंतच कोंडून राहतें. बाहेरून वाळलेला दिसणारा असा मासा थोड्याच दिवसांत आंतून बिघडतो. गार पण कोरडा वारा दोन्ही अंगांनीं सारखा फिरला म्हणजे पाणी सावकाश व एकसारखें निघतें. शिवाय हवा गार असल्यानें तेवढ्या अवधींत मासा नासत नाहीं आणि माश्यांचा उपद्रवही कमी असतो. दमट हवेंत माश्या अंडीं घालतात, अळ्या पडतात, बुरशी धरते. नाताळाच्या आगेंमागें वाऱ्याला चांगली धार असली म्हणजे दोन-तीन दिवसांत बोंबील काडीसारखा खणखणीत होतो. पौष-माघांतल्या बोंबलाला मे महिन्यांतला बोंबील चवींत कधींच गांठत नाहीं, याचें कारण माशांत नसून वाऱ्यांत आहे.

पण वारा दिवसभर सारखा राहत नाहीं. रात्रीं आणि सकाळीं तो जमिनीकडून येतो. किनाऱ्याच्या मतलईला उत्तरेच्या वाऱ्याची जोड मिळते. दुपार होऊं लागली कीं तापलेली जमीन समुद्राची हवा ओढून घेते आणि खारा वारा सुरू होतो. तो ओला. सकाळपासून वाळत आलेल्या माशाला तो पुन्हां थोडें पाणी परत देतो. उत्तरेची लाट जोरांत असेल तर खारा वारा उशिरां येतो, कधीं कधीं टेंकीसच येत नाहीं. लाट क्षीण असेल तर तो सकाळींच हजर होतो. पालीच्या दिवसाची कमाई या दोन वाऱ्यांच्या ओढाताणीवर ठरते. शिडाच्या होड्यांच्या काळीं हेच दोन वारे कोळ्याला पहांटे बाहेर नेत आणि सांजेला घरीं आणीत. होडींत यंत्र आल्यावर समुद्रावरचें त्यांचें राज्य संपलें, किनाऱ्यावरचें मात्र अजून चालू आहे.

खरी पंचाईत निराळीच आहे. मासळी किती यावयाची तें चंद्र ठरवितो आणि ती वाळावयाची कीं नाहीं तें वारा ठरवितो, आणि या दोघांचा एकमेकांशीं कांहीं करार नाहीं. भांगाच्या दिवसांत खणखणीत कोरडा वारा सुटावा आणि दोर रिकामे असावेत, किंवा ऐन उधाणांत वलांड्या भरून गेल्या असतां दक्षिणेचा दमट वारा फिरावा, हें प्रत्येक हंगामांत घडतें. सकाळीं दोर हाताला कोरडा लागतो कीं ओलसर, यावर घरच्या बाईला ठरवावें लागतें: आज टांगावें, कीं व्यापारी म्हणेल त्या दरांत ओला माल देऊन मोकळें व्हावें. टांगला आणि हवा फिरली तर माल माणसाच्या ताटाऐवजीं कोंबड्यांच्या खाद्याकडे किंवा खताकडे जातो. विकला आणि दुपारीं झकास वारा सुटला तर रात्रभर हळहळ. या निर्णयाला वेधशाळेचा अंदाज थोडा उपयोगीं पडतो. पण अंदाज जिल्ह्यापुरता असतो, आणि वलांडी असते चार खांबांची.

हवा नुसती दमट झाली तर निदान अर्धें हातीं राहतें. अवेळीं पाऊस पडला तर तेंही नाहीं. ४ व ५ डिसेंबर २०१७ ला अरबी समुद्रांतून 'ओखी' नांवाचें चक्रीवादळ मुंबईच्या दिशेनें सरकलें. किनाऱ्यावर पोंचेपर्यंत त्याची शक्ति गेली होती आणि शहराला तें एक चुकार पावसाळी दिवस देऊन गेलें. शाळांना सुटी मिळाली, मुलें खूष झालीं. किनाऱ्यावर मात्र वाळत घातलेली मासळी ऐन मार्गशीर्षांत भिजून गेली. १ डिसेंबर २०२१ ला पुन्हां तसाच पाऊस. मासा एकदां अर्धवट वाळून भिजला कीं त्याला परत वाळवितां येत नाहीं. शेतकऱ्याचें पीक अवकाळी पावसानें गेलें तर निदान पंचनामा हा शब्द ऐकूं येतो. वलांडीवरच्या मासळीचा पंचनामा करतांना ती पकडलेली मासळी धरावी कीं तयार माल धरावा, येथूनच अडचण सुरू होते. तिकडे पीक उभें असतें, इकडे तें लोंबकळत असतें, एवढाच वास्तविक फरक. पण कागदावर तो फार मोठा होतो.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेनें सूर्याच्या उष्णतेवर चालणारीं वाळवणयंत्रें तयार केलीं आहेत. त्यांत मासा बंद पेटींत वाळतो, धूळ नाहीं, माशी नाहीं, पावसाची भीति नाहीं. थोडा माल असेल तेथें तीं उत्तम. उधाणाच्या एका दिवसांत एका गांवाच्या होड्या जेवढा बोंबील आणून टाकतात, तेवढा पेटींत घालूं म्हटलें तर पेट्या किती आणि पैसा किती, हा हिशेब मात्र कोळणीला तोंडपाठ असतो. वारा फुकट आहे, आणि त्याची पेटी आकाशाएवढी मोठी आहे.

फुकटच्या वाऱ्याला लागते ती एकच गोष्ट: मोकळी जागा. वलांड्यांचें आवार म्हणजे पालीच्या किनाऱ्यावरचा छोटासा माळच होय. माळावर वारा वाहतो कारण त्याला कोणी अडवीत नाहीं. वलांडींतूनही तो तेवढ्याचसाठीं वाहतो. पूर्वेच्या बाजूला एक उंच भिंत उभी राहिली तरी सकाळच्या वाऱ्याची धार तेथें बोथट होते, आणि मुंबईच्या इतक्या जवळ समुद्रासमोरची मोकळी जागा दिसली कीं ती रिकामी आहे असें समजणाऱ्या माणसांची उणीव नाहीं. पावसाळ्यांत तेथें खरोखरच कांहीं नसतें; १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, दोर रिकामे, खांबांच्या मुळाशीं गवत वाढलेलें. त्या दिवसांत नकाशा काढणाऱ्याला ती पडीक जमीन वाटावी यांत नवल नाहीं. म्हणून अशा जागेची नोंद करावयाला यावयाचें तर पौष महिन्यांत, सकाळीं आठाच्या सुमारास यावें.

माघ सरत आला कीं उत्तरेच्या लाटा विरळ होतात. पूर्वेकडून येणारा वारा आतां गार राहत नाहीं, कोरडा मात्र असतो. मुंबईकरांना फाल्गुनांत दोन-चार दिवस एकाएकीं भाजून काढतो तो हाच. मग खारा वारा दिवसेंदिवस लौकर येऊं लागतो आणि उशिरांपर्यंत राहतो. बोंबील वाळावयाचे ते वाळतातच, पण दोन दिवसांचे चार होतात, आणि हाताला खणखणीत लागणारा मासा किंचित् वांकूं लागतो. वैशाखांत आगोटीची गर्दी सुरू होते. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी सुकी मासळी घरांत भरून ठेवावयाची म्हणून गिऱ्हाइकें येतात; मुंबईच्या मरोळच्या सुक्या बाजारांत आणि घाटावरच्या आठवडे बाजारांत जाणाऱ्या पोत्यांचीं तोंडें शिवलीं जातात. जाणकार गिऱ्हाईक पोत्यांत हात घालून एक बोंबील काढतें, मधोमध मोडतें आणि आवाज ऐकतें. कट्‌कन् मोडला तर तो पौषांतला, आणि त्याला चार पैसे अधिक द्यावयाची त्याची तयारी असते.